वारसा, रोल आणि लाल कांद्याची पट्टी

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले ‘अं’ आणि मागून जाणाऱ्या टेम्पोचा हॉर्न काढून टाकलाय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

नाशिकमधून बोलतोय, बाहेर पाऊस आहे, त्यामुळे आवाज थोडा घुमला तर सांभाळून घ्या.

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. ‘पॅरेंट क्लासचे टेस्ट लिहिलेत. आता चाइल्ड क्लासला तेच पुन्हा लिहायचे का? आणि मिक्सिन, ट्रेट, रोल यांचं काय? ते तर स्वतः उभेच राहत नाहीत, मग त्यांना तपासायचं कसं?’ प्रश्न चांगला आहे, आणि याचं उत्तर मी पुस्तकात शिकलो नाही. ते मी एका कांद्याच्या पेढीवर, दिवाणजींच्या समोर मान खाली घालून उभा राहून शिकलो. तर आज तीच गोष्ट आधी.

एक सूचना. पॉडकास्टमध्ये कोड वाचून दाखवणं म्हणजे रेडिओवर मिसळ वाढण्यासारखं आहे. त्यामुळे क्लासची आणि मेथडची नावं मी मराठीत घेणार आहे. खऱ्या कोडमध्ये ती इंग्रजीत होती. भाषा पायथन.

2016 साल. मी तेव्हा ज्या छोट्या कंपनीत होतो, ती अडत्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करायची. लिलाव झाला, काट्यावर वजन झालं, की शेतकऱ्याला हिशोबपट्टी द्यायची. माल किती, भाव काय, एकूण किती, त्यातून हमाली, तोलाई, अडत वजा, हाती किती. एवढंच. पण मालाचे प्रकार खूप, म्हणून आम्ही वर्गात शिकवतात तसं छान झाड काढलं होतं. सगळ्यात वर ‘शेतमाल’. त्याच्याखाली ‘फळभाजी’ आणि ‘भुसार’. फळभाजीखाली कांदा, टोमॅटो, डाळिंब वगैरे. कांद्याखाली ‘उन्हाळ कांदा’ आणि ‘लाल कांदा’. दिसायला इतकं सुंदर की आम्ही त्याची प्रिंट काढून भिंतीवर लावली होती.

शेतमालात दोन महत्त्वाच्या मेथड. एक ‘कपाती’, जी हमाली, तोलाई आणि अडत यांची बेरीज द्यायची. दुसरी ‘निव्वळ रक्कम’, जी एकूण रकमेतून कपाती वजा करायची. निव्वळ रक्कम कुणीच ओव्हरराइड केलेली नव्हती. एकदा लिहिली, टेस्ट केली, विषय संपला. असं वाटलं होतं.

जुलै 2016 मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. व्यापाऱ्यांनी विरोध केला, आपल्या जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले, पेपर रोज त्याच बातम्यांनी भरलेले. आमच्या दृष्टीनं काम मात्र चार ओळींचं होतं. ‘फळभाजी’ क्लासमध्ये कपाती ओव्हरराइड करायची आणि त्यातून अडत काढून टाकायची. भुसाराला हात लावायचा नाही. केलं. टेस्ट लिहिले. फळभाजीचा टेस्ट पास. उन्हाळ कांद्याचा टेस्ट पास, कारण जुलैत बाजारात तोच असतो, चाळीतून निघालेला. लिलाव सुरू झाल्यावर पट्ट्या बरोबर निघाल्या. आम्ही वडापाव मागवले.

मग आला नोव्हेंबर. लाल कांदा यायला लागला.

पेढीवर एक शेतकरी आणि त्याचा कॉलेजातला मुलगा पट्टी घेऊन उभे. मुलानं मोबाइलवर बेरीज-वजाबाकी केली आणि दिवाणजींना म्हणाला, “भाऊ, अडत कशी काय कापली? आता तर बंद झाली ना शेतकऱ्याकडून?”

दिवाणजी म्हणाले, “दादा, मी नाही कापली. कॉम्प्युटरनं काढलंय.”

“मग कॉम्प्युटरला सांगा.”

दिवाणजींनी मला फोन लावला. मी नाशिकहून निघालो, तासाभरात तिथं. आकडे समजण्यासाठी सोपे धरू. समजा 20 क्विंटल कांदा, 800 रुपये भाव, एकूण 16,000. हमाली-तोलाई मिळून 150. हाती यायला हवेत 15,850. अडत समजा 4 टक्के धरली, तर 640 रुपये आणखी जातात आणि पट्टीवर छापलं जातं 15,210. कांद्याला भाव नसलेल्या वर्षी 640 रुपये म्हणजे ट्रॅक्टरच्या डिझेलचा भाग झाला. आणि हा आकडा एका पट्टीवरचा. सकाळपासून निघालेल्या लाल कांद्याच्या सगळ्याच पट्ट्या चुकलेल्या.

त्यात तो नोटबंदीचा महिना. 8 नोव्हेंबरनंतर पेढीवर रोकड कुठून आणायची? उरलेले पैसे परत द्यायचे तर हातात देता येईनात. शेवटी चेक लिहावे लागले आणि प्रत्येकाला फोन करून ‘पुन्हा या’ सांगावं लागलं. एक म्हातारे बाबा फक्त त्या चेकसाठी पंचवीस किलोमीटरवरून आले. त्यांनी मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आता चूक कुठं होती? दोन वर्षांपूर्वी, अडतीचा नियम बदलायच्या कितीतरी आधी, एका ग्राहकाला लाल कांद्याची हमाली वेगळ्या पद्धतीनं लावून हवी होती. ज्यानं ते केलं त्यानं ‘लाल कांदा’ क्लासमध्ये अख्खी कपाती मेथड ओव्हरराइड केली. वरच्या ओळी कॉपी, हमालीची ओळ तेवढी बदलली. कॉपी केलेल्या ओळींत अडत होती. ‘ज्यानं’ म्हणजे कुणी ते मी सांगत नाही, पण तो आत्ता माइकसमोर बसलाय. (हसू)

म्हणजे बघा, जुलैत आम्ही मधल्या पिढीत दुरुस्ती केली. पण नातवाकडे आजोबांच्या काळातली स्वतःची प्रत होती, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचलीच नाही. सातबाऱ्यावर वारस लागला की जमीन येते, तसा बोजाही येतो. इथं तर उलटं झालं, वर बोजा उतरला आणि खालच्या उताऱ्यावर तसाच राहिला.

आणि लाल कांद्याला टेस्ट नव्हता असंही नाही बरं का. होता. त्यात हमाली तपासली होती, कारण बदलली होती हमाली. निव्वळ रक्कम तपासली नव्हती, कारण ती तर ‘वरून आलेली’ होती, वर तपासलेली होती. हीच ती समजूत, जिच्यासाठी आजचा भाग आहे.

या समजुतीवर 1990 मध्येच बोट ठेवलं गेलंय. ड्वेन पेरी आणि गेल कायझर या दोघांचा एक लेख आहे, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये पुरेशी चाचणी म्हणजे काय यावर. तेव्हा सर्वसाधारण आशा अशी होती की वारसा घेतला की कोड पुन्हा वापरता येतो, तसे टेस्टही पुन्हा करावे लागणार नाहीत, कष्ट वाचतील. या दोघांनी एलेन वेयुकर यांच्या चाचणीच्या नियमांवरून दाखवलं की तसं होत नाही. एखादा तुकडा एका संदर्भात पुरेसा तपासला, म्हणून दुसऱ्या संदर्भात तो पुरेसा तपासला गेला असं धरता येत नाही. न बदललेली, जशीच्या तशी वारशानं आलेली मेथडसुद्धा चाइल्ड क्लासमध्ये पुन्हा तपासावी लागते.

हे ऐकायला विचित्र वाटतं. एक अक्षर बदललं नाही, मग उत्तर कसं बदलेल? आमच्याच निव्वळ रकमेकडे बघा. ती म्हणते, ‘एकूण घे, त्यातून माझ्या कपाती वजा कर.’ या वाक्यात ‘माझ्या’ हा शब्द घातक आहे. पायथनमध्ये तो सेल्फ, दुसरीकडे धिस. शेतमालाच्या टेस्टमध्ये ‘माझ्या’ म्हणजे शेतमालाच्या कपाती. लाल कांद्यावर तीच ओळ चालली की ‘माझ्या’ म्हणजे लाल कांद्याच्या. ओळ तीच, पण ती बोलावते भलत्यालाच. मग टेस्ट झाली ती वेगळ्याच जोडणीची, असंच म्हणायला हवं ना?

एक सूट मात्र आहे. चाइल्ड क्लासनं नुसती भर घातली, नव्या मेथड, नवी माहिती, आणि त्यांचा जुन्याशी काहीच संबंध येत नसेल, तर जुनं पुन्हा तपासायची गरज नाही. पण ‘संबंध येत नाही’ हे आज खरं असतं आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये खोटं होतं. मी ही सूट घेत नाही.

मग करायचं काय? प्रत्येक क्लाससाठी सगळे टेस्ट हातानं पुन्हा लिहायचे? नाही. तसं केलं तर आठव्या क्लासपाशी कंटाळा येतो आणि नवव्याला कुणी लिहीतच नाही.

इथं बार्बरा लिस्कोव्ह मदतीला येतात. 1987 च्या त्यांच्या भाषणातून आणि मग 1994 मध्ये जॅनेट विंग यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखातून जी गोष्ट आली, तिला आपण मुलाखतीत ‘सॉलिडमधला एल’ म्हणून पाठ म्हणून दाखवतो. साध्या शब्दांत, जिथं पॅरेंटचा ऑब्जेक्ट चालतो तिथं चाइल्डचा ठेवला तरी बाकीच्या प्रोग्रॅमची फसवणूक होता कामा नये. पाठ म्हणण्यापेक्षा मला हे वाक्य टेस्ट म्हणून जास्त आवडतं. पॅरेंटनं जगाला जी वचनं दिलीत, ती एकदाच टेस्ट म्हणून लिहायची, आणि प्रत्येक वंशजावर चालवायची. याला करार-टेस्ट म्हणू.

पेढीच्या प्रकरणानंतर आम्ही अशी वचनं लिहिली. निव्वळ रक्कम अधिक कपाती बरोबर एकूण रक्कम, नेहमी. कपाती कधीही शून्याच्या खाली नाही. एकूण शून्य असेल तर फाटा फुटणार नाही, व्यवस्थित पट्टी येईल. आणि फळभाजीच्या कुठल्याही वंशजाच्या पट्टीत शेतकऱ्याच्या बाजूला अडत नाही. हे शेवटचं वाक्य जुलैत लिहिलं असतं तर त्या बाबांची चक्कर वाचली असती.

चालवायचं कसं, तर पायटेस्ट वापरत असाल तर एक फिक्स्चर करा जे क्लासच्या यादीवरून फिरेल. यादी हातानं लिहू नका. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पायथनमध्ये प्रत्येक क्लासला त्याची मुलं विचारता येतात, पण तो फक्त थेट मुलं सांगतो, नातवंडं नाही. म्हणून खाली खाली विचारत जायचं. आणि ज्या फाइलमध्ये क्लास आहे ती इम्पोर्ट झालेली नसेल तर तो क्लास यादीत येतच नाही. आमच्याकडे एकदा असंच झालं, सगळं हिरवं, कारण अर्धी पिकं तपासलीच नव्हती. तेव्हापासून आणखी एक टेस्ट ठेवलाय, की यादीत किमान इतके क्लास सापडलेच पाहिजेत. बावळट दिसतो, पण राहू द्या.

युनिटटेस्ट वापरणाऱ्यांनी करार-टेस्टचा क्लास टेस्टकेसचा चाइल्ड करू नये. नाहीतर तो एकटाच चालायला जातो आणि त्याच्याकडे ऑब्जेक्टच नसतो. तो साधा मिक्सिन ठेवा, आणि खऱ्या टेस्ट क्लासमध्ये तो आणि टेस्टकेस दोन्ही घ्या. जावावाल्यांना जेयुनिट 5 मध्ये इंटरफेसमध्येच टेस्ट लिहिता येतात. रुबीवाल्यांकडे आरस्पेकचे शेअर्ड एक्झाम्पल्स आहेत, ते तर यासाठीच जन्मलेत.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा लाल कांदा लाल झाला, अपेक्षेप्रमाणे. पण डाळिंबही लाल झालं! तिथंही कुणीतरी क्रेटच्या हिशोबासाठी अख्खी कपाती कॉपी केली होती. डाळिंबाची पट्टी त्या पेढीवर निघत नव्हती म्हणून कळलं नव्हतं, एवढंच.

मग मूळ रचनाही बदलली. कपातीचे तीन तुकडे केले, हमाली वेगळी, तोलाई वेगळी, अडत वेगळी. मुलांनी फक्त आपला तुकडा बदलायचा, बेरजेला हात लावायचा नाही. पायथनमध्ये टायपिंग मोड्यूलचं ‘फायनल’ आहे, 3.8 पासून. पण ते टाइप तपासणारं टूल पाहतं, प्रोग्रॅम चालताना पायथन काही अडवत नाही. म्हणून तोही एक टेस्ट, की निव्वळ रक्कम कुठल्याही वंशजात पुन्हा लिहिलेली नाही. रचनेवर टेस्ट लिहिणं मला एरवी आवडत नाही, वागणुकीवर लिहावेत. हा अपवाद मी डोळे उघडे ठेवून केला.

आता रोलकडे वळू.

वारशात ‘हा कोण आहे’ विचारतात, रोलमध्ये ‘हा काय काय करतो’. गावातला एखादा माणूस घ्या. तो अमक्याचा मुलगा हा वारसा. पण तोच सोसायटीचा सभासद असतो, भजनी मंडळात टाळ वाजवतो, यात्रेच्या कमिटीत वर्गणी गोळा करतो. ही कामं त्याला बापाकडून आलेली नाहीत आणि एकेक काम वेगवेगळ्या घरातली माणसं करतात. कोडमध्येही तसंच. कांदाही चाळीत साठवतात आणि सोयाबीनही गोदामात साठवतात, पण साठवणूक करता यावी म्हणून दोघांना एका बापाखाली आणण्यात काही अर्थ नाही.

या कल्पनेला नीट आकार मिळाला 2003 मध्ये, शेर्ली, द्यूकास, निअरस्ट्राझ आणि ब्लॅक यांच्या ट्रेट्सवरच्या लेखात. प्रयोग स्मॉलटॉकमध्ये होता. पुढे पर्लमध्ये मूस आलं 2006 ला, त्यात रोल. पर्ल 6, म्हणजे आताची राकू, तिच्यात तर रोल भाषेतच आहेत. पीएचपीमध्ये 5.4 पासून ट्रेट, 2012. जावा 8 मध्ये 2014 ला इंटरफेसला डिफॉल्ट मेथड मिळाल्या, थोडंसं याच वाटेनं. पायथनमध्ये खरा रोल नाही. आपण मिक्सिन वापरतो, म्हणजे शेवटी मल्टिपल इनहेरिटन्सच.

फरक कुठं पडतो? दोन रोलमध्ये एकाच नावाची मेथड आली की. राकू तुम्हाला सरळ थांबवते, म्हणते की हे क्लासनं सोडवायचं. पीएचपीही एरर देऊन थांबतं. जावा कंपाइलच होत नाही. पायथन मात्र काहीच बोलत नाही. क्लासच्या कंसात ज्याचं नाव आधी लिहिलं, त्याची मेथड. बस. 2.3 पासून यासाठी सी-थ्री नावाची पद्धत आहे, क्रम अगदी निश्चित आहे, पण निश्चित असणं आणि तुमच्या मनातलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

आमच्याकडे हे घडलं ते असं. पुढं काही वर्षांनी साठवणुकीचं मोड्यूल करायचं ठरलं. आता मी ज्या टीममध्ये होतो तिथं एक नवीन मुलगी जॉइन झाली होती, हुशार. तिनं ‘साठवणूक’ आणि ‘लिलाव’ असे दोन मिक्सिन लिहिले. दोन्हींत ‘वजन’ नावाची मेथड. लिलावाचं वजन म्हणजे काट्यावरचं. साठवणुकीचं वजन म्हणजे चाळीत भरताना केलेलं, वजा आजपर्यंतची अंदाजे घट. कांदा चाळीत सुकतो, सडतो, कोंब येतात, ऑगस्टपर्यंत बराच कमी भरतो, हे इथं कुणालाही माहीत आहे.

दोन्ही मिक्सिनचे वेगळे टेस्ट तिनं लिहिले होते आणि ते पास होते. रोल स्वतः उभा राहत नाही, मग त्याला तपासायला आम्ही एक बुजगावणं करतो. शेतात कसं, काठी, मडकं आणि जुना शर्ट. तसा एक रिकामा क्लास, ज्यात रोलला जे लागतं तेवढंच आहे, बाकी काही नाही. साठवणुकीला भरण्याची तारीख आणि भरतानाचं वजन लागतं, तेवढं दिलं, झालं. बुजगावण्याचा फायदा असा की रोलला बाहेरून नक्की काय काय हवं ते स्पष्ट होतं. रोलला सात गोष्टी लागत असतील तर बुजगावणं जाड होतं, आणि तेव्हाच कळतं की हा रोल नाही, लपलेला क्लास आहे.

पण बुजगावण्यावर पास झालं म्हणजे शेतात पास झालं नाही. म्हणून दुसरी पायरी, रोलचे करार-टेस्ट तो रोल घेणाऱ्या प्रत्येक खऱ्या क्लासवर चालवायचे. तिथं उन्हाळ कांदा अडकला. कंसात लिलाव आधी होता. साठवणुकीचा घट-अहवाल ‘माझं वजन’ मागायचा आणि त्याला काट्यावरचं वजन मिळायचं, जे विक्री होईपर्यंत शून्य. चाळीत माल आहे आणि अहवाल म्हणतो काहीच नाही.

ती म्हणाली, “सर, सोपं आहे. क्रम बदलते.”

मी म्हटलं, “बदल आणि सगळे टेस्ट चालव.”

बदलला. साठवणूक हिरवी झाली, लिलावाचा करार लाल झाला. आता पट्टीवर अंदाजे वजन यायला लागलं. विचार करा, शेतकऱ्याला अंदाजे वजनाचे पैसे! तोकडी गोधडी डोक्यावर ओढली की पाय उघडे. थोडा वेळ ती गप्प बसली, मग म्हणाली, “सर, म्हणजे हे वजन एकच नाहीये ना?” बरोबर. दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलं होतं. ‘काटावजन’ आणि ‘अंदाजे साठा’ अशी दोन नावं केली आणि क्रमाचा प्रश्नच उरला नाही. राकू असती तर हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला असता. पायथनमध्ये तो टेस्टनं विचारला. आता आमच्याकडे एक टेस्ट कायमचा आहे. एका क्लासनं घेतलेल्या मिक्सिनमध्ये एकाच नावाची सार्वजनिक मेथड दोनदा दिसली, आणि क्लासनं स्वतः ती लिहून निकाल लावलेला नसेल, तर नापास.

आणखी एक जागा, जिथं भल्याभल्यांची गल्लत होते. क्लासची स्वतःची मेथड, रोलची मेथड आणि बापाची मेथड, तिघांत जिंकतो कोण? ट्रेट्समध्ये, पीएचपीत, राकूत क्लास पहिला, मग रोल, मग बाप. जावात मात्र बापाकडून आलेली मेथड इंटरफेसच्या डिफॉल्टला हरवते. म्हणजे तोच आराखडा पीएचपीतून जावात नेला तर उत्तर गुपचूप उलटं होतं. भाषांतर करताना कुणी हे पाहत नाही. एक छोटा टेस्ट लिहा, तिन्ही ठिकाणी एकच मेथड ठेवून कुणाची चालते ते बघणारा. दहा ओळी.

‘याच्यात हा रोल आहे का’ हे विचारणारे टेस्टही जपून. पायथनचे प्रोटोकॉल रनटाइमला तपासता येतात, पण ती तपासणी फक्त मेथडचं नाव आहे का एवढं बघते. ती किती आर्ग्युमेंट घेते, काय परत देते, काही नाही. दारावर पाटी आहे म्हणजे आत डॉक्टर आहे असं नाही. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथड राहून गेली तर पायथन ओरडतं, पण क्लास लिहिताना नाही, ऑब्जेक्ट बनवताना. म्हणून प्रत्येक क्लासचा एक ऑब्जेक्ट टेस्टमध्ये नुसता बनवून पाहणं हाही टेस्टच आहे.

इथं थोडं विषयांतर. करार-टेस्ट फक्त यादीतलं तपासतात. 2010 चा द्राक्षांचा हंगाम आपल्याकडच्या बागाईतदारांना आठवत असेल. निर्यातीच्या द्राक्षांची व्यवस्था चांगली होती, अपेडाची ग्रेपनेट होती, प्रयोगशाळेतून औषधांचे अंश तपासून माल जायचा. तरी युरोपात सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि माल अडकला. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. तपासणीत कुणी हयगय केली असं नाही. माझ्या टेस्टकडे बघताना मला हे अधूनमधून आठवतं.

शेवटचा मुद्दा, निर्यातीचा. ‘निर्यात कांदा’ असा चाइल्ड क्लास करू का, असं मला एकानं विचारलं होतं. मी त्याला तारखा सांगितल्या. 19 ऑगस्ट 2023, कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरअखेर किमान निर्यातमूल्य टनाला 800 डॉलर. 8 डिसेंबरपासून निर्यातबंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य काढलं, शुल्क 20 टक्के. 1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य. कांदा तोच, चाळ तीच, शेतकरी तोच. जे दर दोन-चार महिन्यांनी बदलतं ते जन्मानं चिकटवू नये.

खरं तर हे रोलमध्येही बसत नाही. रोल क्लासला लिहितानाच जोडला जातो. इथं वेगळा ‘निर्यात नियम’ नावाचा ऑब्जेक्ट करून तो बाहेरून हातात द्यायचा. 1994 च्या गँग ऑफ फोरच्या पुस्तकात वारशापेक्षा कंपोझिशन बरं असं जे म्हटलंय, ते या अर्थानं, ऑब्जेक्ट हातात देण्याच्या. रोल कंपोझिशन आणि हे कंपोझिशन, शब्द एकच असल्यामुळे लोक सरमिसळ करतात. तपासायला हा प्रकार सगळ्यात सोपा. नियमाला तारीख द्यायची, 10 डिसेंबर 2023 दिली तर ‘परवानगी नाही’ आलं पाहिजे, 10 मे 2024 दिली तर 40 टक्के. मात्र तारीख बाहेरूनच द्या. नियमानं आतमध्ये ‘आज’ विचारला, तर मंत्रालयात आदेश निघाला की तुमचे टेस्ट इथं नाशिकमध्ये आपोआप पडतील.

एक प्रश्न आधीच आलाय म्हणून उत्तर देऊन टाकतो. ‘इतके टेस्ट म्हणजे वेळ किती लागतो?’ वीसेक क्लास, प्रत्येकी तीस-चाळीस करार, डेटाबेसला हात न लावणारे, तर काही सेकंद. चहा ओतायच्या आत होतात. वेळ लागतो तो वचनं कोणती ते ठरवायला, आणि ते ठरवायला दिवाणजींशेजारी एक दिवस बसावं लागतं. ते अजून तिथंच आहेत. पट्टी छापली की आधी अडतीच्या रकान्यावर बोट ठेवतात, मग सही करतात.

पुढच्या भागात फेक डेटाबद्दल बोलू. तुमच्याकडे कॉपी केलेल्या मेथडची अशी काही गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव घेणार नाही. भेटू.